तिच्या वाट्याच्या गोळ्या

मी गाडी चालवायला शिकवते. ह्या धंद्यात माणसाच्या हातांपेक्षा डोळ्यांकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण शिकाऊ माणूस जिकडे बघतो तिकडेच गाडी नेतो. खांबाकडे बघत बसला की खांबावर, गटाराकडे बघितलं की गटारात. त्यामुळे समोरचा कुठे बघतोय हे बघायची खोड मला घरीही सुटत नाही, आणि त्यावरून नवऱ्याचे टोमणेही खाते. त्या दुपारी दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात मी जेवायला घरी आले, तर सासरे पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे होते. कुणाला तरी वाट करून द्यावी तसे. पॅसेज रिकामा होता. मी आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. नजर हरवलेली वगैरे नव्हती. चालत्या माणसाच्या तोंडावर ठेवलेली नजर जशी हळूहळू सरकते, तशी ती माझ्या खांद्यावरून सरकत दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

बाबा, काय चाललंय, असं मी विचारलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“मंडळी आलीत,” ते हळूच म्हणाले. “चपला हातात धरून उभी आहेत बघ. कुठे ठेवायच्या ते कुणी सांगतच नाही त्यांना.”

म्हातारा माणूस काहीबाही बोलतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, शब्दन् शब्द. माझ्या सासूबाई जायच्या आधी कित्येक महिने हेच म्हणत होत्या, ह्याच पॅसेजमध्ये, आणि त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

सासूबाई म्हणजे फटकळ बाई. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला, त्यामुळे त्यांना बोलणाऱ्या माणसांची सवय. ही चपलावाली मंडळी तोंडातून शब्द काढत नाहीत ह्याचाच त्यांना जास्त राग यायचा. ‘आलात तर बोला तरी,’ म्हणून त्या रिकाम्या भिंतीवर खेकसायच्या. सुरुवातीला आम्ही हसायचो, खोटं कशाला बोलू? मग त्यांना ती मंडळी निघालेली दिसायला लागली. पाहुणे निघाले की दारापर्यंत जाणं आलंच. त्या दारापर्यंत जायच्या, मग जिन्यापर्यंत, आणि एकदा तर अनवाणी चौकापर्यंत गेल्या. शेवटी नवऱ्याने त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली. स्क्रू पिळताना तो रडत होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दुपारी आम्ही कामावर असलो की ती कडी लागायची आणि आतून सासूबाई दार वाजवायच्या, उघडा, ते निघालेत. एका दुपारी त्या बंद दाराशीच पडल्या. खुबा मोडला. इस्पितळात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. वय झालं होतं, डोकं गेलं होतं, सुटली बिचारी, असं सगळे म्हणाले. आम्हीही तसंच म्हणालो.

आणि आता सासरे.

नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आठव्या मजल्यावर अंधाऱ्या पोकळीत, तारांवर लोंबणाऱ्या डब्याच्या टपावर उभा राहून पाने फिरवतो, आणि हा बाप्या माझं बोलणं ऐकून पांढराफटक पडला. मग म्हणाला की आपण घर बदलू या का. मी त्याची यथेच्छ टर उडवली. पण दुसऱ्या दिवशी कपड्यांची बादली घेऊन पॅसेजमधून जाताना माझ्या लक्षात आलं की मी एका कडेने, भिंतीला घासून चालतेय. मधली जागा मी सोडली होती. कुणासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. उगाच उत्तर मिळायचं.

सासऱ्यांचं वेड सासूबाईंच्या वळणावरच निघालं होतं. तीच माणसं, तीन. पहिला उंच, हातातले बूट छातीशी धरलेला. दुसरी जाड बाई. तिसरा अगदी दाराशी, त्याचा चेहरा नीट दिसत नाही. दुपारचं ऊन पॅसेजच्या खिडकीतून आत आलं की ती यायची, आणि तेवढ्या उन्हात सासरे त्यांच्यासाठी जेवणाच्या खुर्च्या ओढून ओळीने लावायचे. त्यांचं बोलणंही सासूबाईंसारखं व्हायला लागलं, जीभ टाळूला चिकटल्यासारखं, प्रत्येक शब्दाआधी ओठ चाटत. तसेच पाय घासत चालणं, तसेच अंगावरच्या चादरीचे धागे चिमटीत धरून ओढत बसणं. कधीकधी स्वयंपाकघरात माझी पाठ असताना ते आत यायचे आणि पावलांच्या आवाजावरून मला क्षणभर वाटायचं, सासूबाई आल्या.

आणि डोळे. माझ्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं. ऐन उन्हाकडे तोंड करून बसले तरी त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर राहायच्या, भोवतीचा तपकिरी रंग नावालाच उरायचा. सासूबाईंचेही शेवटी तसेच झाले होते. तेव्हा मला वाटलं होतं, भीतीने झाले असतील.

बरं, औषधपाण्यात हयगय म्हणावी तर तीही नव्हती. सासरे निवृत्त स्टोअरकीपर. मोठ्या कारखान्याचं गोदाम त्यांनी सांभाळलेलं, नट-बोल्टसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. घरी गोळ्या ठेवायला त्यांनी लोखंडी खणांचं एक कपाट आणलं होतं, कारखान्यात स्क्रू ठेवतात तसलं. वरचे खण त्यांचे, खालचे सासूबाईंचे. सासूबाई असताना सासऱ्यांचा रोजचा नेम होता: वाटीत बायकोच्या गोळ्या काढायच्या, पाण्याचा पेला हातात द्यायचा, आणि गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. त्यांच्या हातून एक गोळी कधी चुकली नाही. नातेवाईक त्याचं कौतुक करायचे आणि आपापल्या नवऱ्यांना टोचून बोलायचे. महिन्याची औषधंही ते स्वतःच मागवायचे. औषधवाल्याला फोन करायचा आणि नेहमीचं पाठवा म्हणायचं, एवढंच. त्या कपाटाला आम्ही कुणी हातही लावत नव्हतो. लावला तर ते अंगावर यायचे.

मधल्या काळात ते दोन-तीन डॉक्टरांकडे जाऊन आले. पोट साफ होत नाही म्हणून एकाने गोळी दिली. लघवी अडते म्हणून दुसऱ्याने. भास होतात म्हटल्यावर तिसऱ्याने एक पिवळी गोळी दिली, ती घेतल्यावर ते ताटावरच पेंगायला लागले आणि मंडळी मात्र होती तिथेच उभी. मी हात टेकले. तेवढ्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बँकेतल्या बाईंनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं, फक्त म्हाताऱ्या माणसांना बघणाऱ्या. फोन केला तर त्या म्हणाल्या, कागद नंतर बघू. घरात जेवढी म्हणून औषधं आहेत तेवढी सगळी एका पिशवीत घालून आणा. घेतात ती, घेत नाहीत ती, उशीखालची, फ्रिजमधली, सगळी.

सासऱ्यांनी पिशवी स्वतः भरली, मला जवळ येऊ दिलं नाही. डॉक्टरीणबाई स्वतःच साठीच्या पुढच्या, केस पोरासारखे कापलेले, बोलणं रोखठोक. त्यांनी पिशवी टेबलावर सरळ पालथी केली. एवढा ढीग पडला की दोन पाकिटं घरंगळून खाली गेली. मग त्या एकेक पाकीट उचलायच्या आणि विचारायच्या, ही कशासाठी? सासरे धडाधड उत्तरं देत होते. ही रक्तदाबाची, ही साखरेची, ही पोटाची. त्यांचा चेहरा खुलला होता, गोदामाची तपासणी असावी तसा. मग बाईंनी एक हिरवं पाकीट उचललं. सासरे गप्प झाले. दुसरं उचललं, तिसरं उचललं. गप्प.

“ह्या तिच्या,” शेवटी ते म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सासूबाईंच्या, पण त्या गेल्या. बाईंनी पाकीट उलटं केलं. गोळ्या ताज्या होत्या, गेल्याच महिन्यातल्या, आणि निम्म्या संपलेल्या.

क्षणभर मला खरंच वाटलं की घरात कुणीतरी रोज येऊन आपल्या गोळ्या घेऊन जातं. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं की मग ह्या घेतं कोण. सासरे टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“औषधवाल्याला सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “फोन हातात घेतो, पण ती गेली हे तोंडातून निघत नाही. मग तो पाठवतो. आलेला माल पडून कसा ठेवायचा? कुणीतरी घ्यायलाच हव्या होत्या.”

रोज सकाळ-संध्याकाळ ते दोन वाट्या भरत होते. एक आपली. आणि मग दुसरी.

बाई त्यांना रागावल्या नाहीत की त्यांनी उपदेशही केला नाही. त्यांनी तिथल्या तिथे औषधवाल्याला फोन लावला आणि खालच्या खणांचा माल बंद करवला. मग ती पाकिटं एका ओळीत मांडून त्यांनी आम्हाला समजावलं. चक्कर येऊ नये म्हणून दिलेल्या ह्या गोळीने हात थरथरायला लागतात. ते थरथरणं म्हणजे नवा आजार असं समजून कुणीतरी ही दुसरी दिली. दुसरीने तोंड सुकतं, पोट साफ होत नाही, लघवी अडते, बाहुल्या मोठ्या होतात आणि माणसाला नसलेलं दिसतं. मग त्रास होतो, झोप येत नाही, म्हणून ही तिसरी. तरुण माणूस कसाबसा तग धरेल, म्हाताऱ्याचं शरीर हे लवकर बाहेर टाकत नाही. बरं, ह्या एकदम बंद करूनही चालणार नव्हतं. एकेक, थोडी थोडी कमी करायची.

मग त्यांनी सहज विचारलं की सासूबाईंना काय होत होतं. मी सांगायला लागले. तीन माणसं, हातात चपला... आणि मधेच थांबले. बाईंचं लिहिणंही थांबलं. आम्ही दोघींनी एकदमच सासऱ्यांकडे बघितलं. ते खिडकीशी कुणाला तरी मान डोलावत होते.

त्यांना वजन करायला आत नेलं तेव्हा बाई माझ्या जवळ आल्या.

“तुमचे सासरे हुशार आहेत,” त्या म्हणाल्या. “डोकं साफ झालं की त्यांना हे आपोआप कळेल. तिला काय झालं होतं ते, आणि वाटी कुणाच्या हातात होती ते. त्या दिवशी त्यांच्याजवळ कुणीतरी असू द्या.”

घरी येताना गाडी मीच चालवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गिअर सापडेना.

नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की बाबा चुकून जास्तीच्या गोळ्या घेत होते. कुणाच्या, ते नाही सांगितलं. सांगणार कसं? कडी त्याने लावली होती. तो बिचारा ऐकूनच खूश झाला, म्हणजे घरात काही नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. त्या दिवसापासून कपाटाची किल्ली माझ्याकडे आली आणि सासऱ्यांना गोळ्या मी द्यायला लागले. गोळी कमी झाली की मी आनंदी व्हायला हवं होतं. पण दर वेळी अर्धी गोळी कापताना माझ्या मनात यायचं, आता हा माणूस त्या गोष्टीच्या आणखी थोडा जवळ गेला. मी त्यांना बरं करत होते आणि बरं होण्याचीच मला धास्ती वाटत होती.

मंडळी मात्र कमी व्हायला लागली. पहिल्यांदा दाराशी उभा असायचा तो गेला. सासऱ्यांनी जेवताना सांगितलं की आज त्याने बूट खाली ठेवले, पायात घातले, नाड्या बांधल्या आणि निघाला. त्यांना जरा वाईटच वाटलं होतं. मग जाड बाई गेली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणे, भिंतीला धरून एकेक चप्पल घातली तिने. उंच माणूस काही दिवस एकटाच राहिला आणि मग तोही तसाच गेला. सासऱ्यांची जीभ सुटली, जेवण जायला लागलं, चहात साखर कमी म्हणून ते मला बोलायला लागले. नवऱ्याला ते गाणंच वाटलं. मी अजून पॅसेजच्या कडेनेच चालत होते.

शेवटची गोळी अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी मला सांगितलं की अजून एक जण आहे.

“ती,” ते म्हणाले. “ती पहिल्यापासून होती, पण बाकीच्यांच्या मागे. आता दिसते. पाठ करून उभी असते. पायात काही नाही, हातातही काही नाही. अंबाडा तिचाच आहे.”

मी विचारलं, बोलते का? ते म्हणाले, नाही, पण वळतेय. रोज थोडी थोडी. काल कानातलं दिसलं. मग त्यांनी माझ्यापुढे चक्क हात जोडले. आजवर त्यांनी माझ्याकडे पाण्याचा पेलाही कधी विनवून मागितला नव्हता.

“एवढी अर्धी राहू दे, पोरी. कुणाला काय त्रास आहे तिचा?”

आणि मी राहू दिली. वाचणाऱ्याने काय म्हणायचं ते म्हणावं. तो माणूस सुखात होता. खातपीत होता, हसत होता, दुपारी खुर्ची टाकून पॅसेजमध्ये तिच्यासमोर बसत होता. अर्ध्या गोळीने तो त्या एका गोष्टीच्या अलीकडे राहत असेल, तर मी कोण त्याला पलीकडे ढकलणारी? डॉक्टरीणबाईंना मी फोनवर धडधडीत खोटं सांगितलं, बंद केली म्हणून. जीव माझा एकीकडे शांत होता, आणि दुसरीकडे त्या पॅसेजमधून जाताना मला माझ्या पाठीवर कुणाची तरी पाठ जाणवायची. हसू नका. मला जाणवायची.

मग तो दिवस आला. बँकेतल्या बाईंना मी आमच्याच भागातून फिरवत होते. शिकवायच्या गाडीत ब्रेक माझ्याही पायाशी असतो, नाहीतर मी केव्हाच वर गेले असते. बाई बऱ्यापैकी वेगात वळल्या, आणि समोर रस्त्याच्या मधोमध सासरे. अनवाणी. एक हात पुढे केलेला, कुणाचा तरी पदर धरायला जावं तसा. बाई आरशात बघत होत्या. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा त्यांच्या सदऱ्याची कड बॉनेटला लागत होती.

मी उतरून त्यांचे खांदे धरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भर उन्हात त्या काळ्या मोठ्या बाहुल्या माझ्या मागे कशावर तरी खिळल्या होत्या.

“थांब जरा,” ते म्हणाले. “ती पुढे गेली. आता वळणारच आहे.”

मीही मागे वळून बघितलं. देवाशपथ सांगते, वळून बघताना माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. रस्ता रिकामा होता. लांबवर एक माणूस दुकानाचं शटर वर करत होता, एवढंच.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्या सांगतील तशी ती अर्धी गोळीही कमी करत बंद केली. सासरे माझ्याशी बोलेनासे झाले. दुपारी खुर्ची टाकून बसायचे आणि पॅसेजकडे टक लावून बघायचे. पुढे पुढे ते नुसतंच बघणं झालं, नजर कुठे थांबायची नाही. एक दिवस त्यांनी खुर्ची उचलून जेवणाच्या टेबलाशी परत ठेवली. मी विचारलं, वळली का? त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

डोळे साफ झाले. तपकिरी रंग परत आला. आमचे जुने स्टोअरकीपर परत आले, सगळ्यांच्या चुका काढणारे. आणि मी रोज सकाळी उठून त्यांचा चेहरा वाचायला लागले.

एका सुट्टीच्या सकाळी मी मटार सोलत बसले होते. ते येऊन समोर बसले, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागले. नवरा न्हाणीघरात होता, पाण्याचा आवाज येत होता. त्यांच्या हातांना थोडाही कंप नव्हता.

“तिलाही ह्याच गोळ्या होत्या,” ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी मला वर बघायला लावलं.

“त्या बंद केल्या असत्या तर?”

नक्की कुणालाच सांगता येणार नाही, असं मी म्हणू शकले असते. ते अगदीच खोटंही झालं नसतं. सासूबाईंचं वय होतं, हृदयही नाजूक होतं. पण ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते, मी इतरांच्या डोळ्यांकडे बघते तसं.

“सावरल्या असत्या, बाबा. बहुतेक.”

“पडली नसती?”

“बहुतेक नसत्या पडल्या.”

ते सोलत राहिले. आता त्यांची बोटं शेंगा सोलून दाणे टोपलीत आणि सालं ताटात टाकण्याऐवजी सगळं एकत्रच टाकत होती. ती नको म्हणायची, ते म्हणाले. तोंड कोरडं पडतं, आजच्या दिवस नको म्हणायची, आणि मी समोर उभा राहून म्हणायचो, आ कर. मी त्यांना सांगितलं की सासूबाईंना त्या गोळ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं, तुम्हाला कसं कळणार होतं. मी बरंच काही बोलले. माल उशिरा आल्याची सबब ऐकून घ्यावी तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

“ती खरं सांगत होती गं,” ते म्हणाले. “तिला दिसत होतं. मला दिसलं तसंच, अगदी तसंच. आणि मी म्हणायचो, कुणी नाहीये, तुझं डोकं फिरलंय.”

मग ते रडले. आवाज न करता, तोंड हातांनी न झाकता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मलाही रडू आवरलं नाही. आतला पाण्याचा आवाज थांबला. त्यांनी झटकन डोळे पुसले आणि माझं मनगट धरलं.

“त्याला कळता कामा नये,” ते म्हणाले. “कडी त्याने लावली होती. तो नाही सहन करू शकणार.”

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

नवरा टॉवेलने डोकं पुसत आला. सालात मिसळलेले मटार बघून हसला, म्हणाला, दोघं मिळून काय हा गोंधळ घातलाय. बापाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. कितीतरी महिन्यांनी तो इतका मोकळा दिसत होता.

“बाबा, मी काल विचार करत होतो,” तो म्हणाला. “ह्या डॉक्टरीणबाई आईच्या वेळी भेटल्या असत्या तर? तिचंही असलंच काही असेल का?”

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते सालांतून एकेक दाणा वेचून टोपलीत टाकत होते. मग त्यांनी मान वर केली आणि पोराच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

“नाही रे,” ते म्हणाले. “तिचं वेगळं होतं. तिचं डोकंच गेलं होतं.”

“हं,” नवरा म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे चहा मागितला.